आवाज बंद असलेला टीव्ही
निलगिरी तेलाचा वास आला की आमच्या चोआ चू कांग उपनगरातल्या दवाखान्यात शेजारी बसलेली ती चिनी म्हातारी मला आठवते. तिने ते तेल कपाळाला चोळलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून जुना चिनी सिनेमा लावला होता आणि त्यात एक देखणी नटी गात होती. "ती मीच," म्हातारी इंग्रजीत म्हणाली. हाँगकाँगला आधी गाण्याच्या रेकॉर्डी, मग सिनेमे, मग लग्न होऊन इथे आल्यावर सगळं बंद, असं ती सांगत गेली. मला ते खरं वाटत होतं. तेवढ्यात औषधं घेऊन तिची मुलगी आली. "सॉरी, आईला हल्ली भास होतात. ती शाळेत शिकवायची, लाह," ती ओशाळून इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली. मी गोंधळून नुसती हसले. तोच म्हातारी गायला लागली. पडद्यावरचे ओठ आणि तिचे शब्द बरोबर जुळत होते. "मी आईला कधी गाताना ऐकलंच नाही," मुलगी पुटपुटली आणि माझ्याशेजारी बसली. "तिने तुम्हाला आणखी काय सांगितलं?" खरं काय, ते मला आजही ठाऊक नाही, पण त्या दुपारी मी एका मुलीला तिच्याच आईची गोष्ट सांगत बसले होते.