चादर माझी, लिफ्ट कोणाची?

सरकारी दवाखान्यात त्यांना सगळे टाकेबाई म्हणायचे. तळमजल्यावर, जिन्याच्या बरोबर खाली, कपड्यांची खोली होती. तिथे शिवणयंत्रावर बसून अठ्ठावीस वर्षं त्यांनी चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे डगले शिवले. शिवले त्याहून जास्त दुरुस्त केले. “डॉक्टर माणसांना टाके घालतात, मी चादरींना. माझं गिऱ्हाईक ओरडत नाही, एवढाच फरक,” असं त्या म्हणायच्या, आणि त्यावरूनच हे नाव पडलं होतं.

ओरडायच्या त्या स्वतः. गल्लीतला दिवा आठ दिवस बंद राहिला की यांचा अर्ज गेलाच. अर्जाला उत्तर आलं नाही की दुसरा, त्यात पहिल्याची तारीख. लेकीने फोनवर फेसबुक काढून दिल्यापासून अर्जाचं काम आणखी सोपं झालं होतं. कुठल्या पक्षाच्या, असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, “मत देऊन मी माणूस कामाला ठेवते. मग तो काम करतो का ते बघायला नको? की त्याची आरती ओवाळत बसू?”

घरात त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांशी बोलायचे, माणसांशी कमी. धाकटा दीर मात्र बोलण्याचंच खात होता. तो सत्तेतल्या पक्षाचा प्रभाग उपाध्यक्ष होता, आणि पक्षाचे साहेब शिंकले तरी त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचा.

दवाखान्याची जुनी लिफ्ट मोडून आठ महिने झाले होते. अखेर नवीन आली. बसवली, तपासली, वाळूची पोती भरून वर-खाली फिरवूनही पाहिली. आणि मग तिच्या दाराला लाल फीत बांधून समोर खुर्ची टाकून रखवालदार बसवला. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नसे, म्हणून पेशंटला चादरीच्या झोळीत घालून चौघांनी उचलून न्यायचं. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी सकाळी टाकेबाई अभ्र्यांना नाड्या लावत होत्या. डोक्यावरच्या जिन्यात काहीतरी धप्पकन आदळलं आणि पाठोपाठ एक किंकाळी आली. त्या धावत वर गेल्या. वळणावर एक म्हातारे गृहस्थ आडवे पडले होते. हर्नियाच्या ऑपरेशनला निघालेले, निवृत्त पोस्टमन. झोळीची चार टोकं चौघांच्या हातात तशीच होती. चादर मधोमध फाटली होती. त्यांचा मुलगा, जावई आणि दोन कर्मचारी, कोणालाच काय करावं कळत नव्हतं. म्हाताऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्यांना उचलून नेल्यावर टाकेबाईंनी ती चादर हातात घेतली. त्यांनी घातलेली शिवण शाबूत होती. शिवणीला लागून कापड विरलं होतं, ते गेलं होतं. परवाच ही चादर उजेडात धरून त्या म्हणाल्या होत्या, अजून चार वेळा धुतली तरी टिकेल. ते त्यांना आठवलं. खाली आल्या तेव्हा रखवालदार खुर्चीवर बसलेला होता, मागे फीत लावलेली लिफ्ट, आणि आत बटणाचा हिरवा दिवा चालू. लिफ्ट तयार उभी होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते टाकेबाईंना त्या क्षणी कळलं.

त्यांनी लिफ्टचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं: “आज एक वृद्ध रुग्ण जिन्यात पडले. चादर फाटली. चादर मी पास केली होती, ती चूक माझी. लिफ्ट वीस दिवस चालू स्थितीत बंद ठेवली, ती चूक कोणाची? ज्याची असेल त्याने माझ्यासारखं नाव घालून लिहावं.” खाली आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला. दुसऱ्या दिवशी शिव्या सुरू झाल्या. ज्यांनी टाकेबाईंना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनी त्यांचं वय काढलं, चारित्र्य काढलं, लेकीचा फोटो शोधून त्यावर नको ते लिहिलं. “विकली गेलेली बाई,” एकाने लिहिलं. नावाच्या जागी वाघाचं चित्र होतं. टाकेबाईंनी त्याला उत्तर दिलं, “वाघोबा, खरं नाव सांगा, मग बोलू.” वाघोबा गप्प झाले आणि त्यांच्या जागी दहा जण आले.

तिसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा एक कार्यकर्ता घरी आला. त्यांच्या फोटोवर पक्षाचं चिन्ह चिकटवून त्याने तो आधीच फिरवला होता, आता सभेत दोन शब्द बोला म्हणत होता.

“मला विचारून चिकटवलंत?”

“ताई, आम्ही तुमच्याच बाजूने आहोत.”

“मग कागद देते, लिहा. उद्या निवडून आलो तर चालू लिफ्टला फीत बांधून ठेवणार नाही. सही करा, येते सभेला.”

तो हसला. टाकेबाई हसल्या नाहीत. चहा अर्धाच ठेवून तो उठला.

त्याच दिवशी दीर आला. “वहिनी, डिलीट करा. वरून फोन आलाय मला. माझ्या घरातूनच असं झालं तर मी तोंड कसं दाखवू?”

“भाऊजी, त्या म्हाताऱ्यांचा खुबा मोडलाय.”

“त्याचं वाईट वाटतंच हो. पण हे सगळं आतल्या आत सांगायचं असतं.”

“आतल्या आत मी तीन अर्ज दिले. तुमच्याकडेच एक दिला होता. काय केलंत त्याचं?”

दिराने भावाकडे पाहिलं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि मान खाली घातली. टाकेबाईंना दिरापेक्षा त्या खाली गेलेल्या मानेचा राग जास्त आला.

मग अधीक्षकांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला माफीनामा तयार होता: गैरसमजातून चुकीची माहिती प्रसारित करून संस्थेची बदनामी केल्याबद्दल दिलगीर आहे. टाकेबाईंनी दोनदा वाचला.

“साहेब, यात चुकीची माहिती कोणती? लिफ्ट बंद होती की नव्हती?”

“बाई, मुद्दा तो नाही. सरकारी नोकराला असं लिहिता येत नाही.”

“मग पडलेल्याला उचलता तरी येतं का? तेही विचारून करायचं?”

“सही करा आणि विषय संपवा. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.”

त्यांनी पेन मागितलं. माफीनामा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, “विरलेली चादर वापरात ठेवल्याबद्दल मी रुग्णाची माफी मागते.” सही केली. “एवढीच माफी माझी आहे. बाकीची ज्याची त्याला मागायला लावा.”

तिथून त्या थेट वॉर्डात गेल्या. पोस्टमनकाकांच्या पायाला वजन लावलेलं होतं. त्यांनी हात जोडले. “काका, चादर माझ्या हातची होती. मला माफ करा.”

काका कडाडले, “माफीचं राहू द्या. तुम्ही ‘एक वृद्ध रुग्ण’ काय लिहिलंत? छत्तीस वर्षं गावातलं प्रत्येक नाव मी बरोबर दारात पोचवलं. माझं नाव लिहायला काय झालं होतं?”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून...”

“याहून काय व्हायचाय? जावईबापू, कागद आणा.” जावई घुटमळला, नोकरीचं काहीतरी पुटपुटला. “आणा म्हणतो ना!” काकांनी पडल्या पडल्या, बाईंनी लिहिलं ते खरं आहे, अशी जबानी सांगितली, जावयाने लिहिली, खाली काकांची वळणदार अक्षरात सही. तिच्या तीन प्रती काढून त्यांनी तिन्ही, दवाखान्याने या प्रकरणी नेमलेल्या चौकशी समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवायला लावल्या. समिती त्याच इमारतीत बसत होती, तरीही.

पुढच्या आठवड्यात मंत्र्यांची तारीख मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी टाकेबाईंना खोलीतून बाहेर पडायचं नाही असं सांगण्यात आलं. दाराशी शिपाई उभा केला. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, “बाई, माझी नोकरी आहे.” आतून त्यांना भाषण ऐकू आलं, टाळ्या ऐकू आल्या. मग चाकांची खडखड. ती खडखड लिफ्टपाशी येऊन थांबली आणि थांबूनच राहिली. त्यांनी दार उघडलं. शिपायाने अडवल्यासारखं केलं, अडवलं नाही.

बाहेर स्ट्रेचरवर एक बाई कण्हत होती, पोट धरून. आणि लिफ्टमध्ये मंत्री, दीर, अधीक्षक आणि आणखी आठ-नऊ जण दाटीवाटीने उभे राहून फोटोसाठी हसत होते.

“उतरा खाली!” टाकेबाई ओरडल्या. “आधी पेशंटला जाऊ द्या! उतरा!”

सगळे फोन त्यांच्याकडे वळले. दिराचा चेहरा पांढराफटक पडला. मंत्री मात्र मुरलेले होते. ते हसत बाहेर आले, स्ट्रेचरच्या दांडीला हात लावला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि स्वतः स्ट्रेचर आत ढकललं.

संध्याकाळी मंत्र्यांच्या फेसबुक पानावर तो फोटो आला. “रुग्ण आधी, मी नंतर.” खाली लोकांचे हजारो लाल बदाम. फोटोत टाकेबाईंच्या डाव्या हाताचं कोपर तेवढं राहिलं होतं.

त्यांचा संताप अनावर झाला. शिव्या त्यांनी पचवल्या होत्या. ही वाहवा पचेना. त्यांनी खाली लिहिलं, “साहेब, हे मी ओरडल्यावर झालं.” पाच मिनिटांत ते गायब. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा लिहायला गेल्या तर त्यांना तिथे लिहिताच येईना.

“अहो, बघा!” त्यांनी फोन टेबलावर आपटला. “आठ महिने लिफ्ट नाही ती नाही, आता माझं ओरडणंसुद्धा त्यांनी नेलं! मी बोलले तर बदनामी, आणि तेच त्यांनी फोटोखाली लिहिलं तर संवेदनशीलता! आणि तुम्ही बसा माना घालून!”

घड्याळजींनी भिंग काढलं. स्वतःचा फोन घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, बराच वेळ टाइप केलं. मंत्र्यांच्या त्याच फोटोखाली ते टाकलं आणि बायकोपुढे धरलं. “माझ्या पत्नीने ओरडून लिफ्ट रिकामी करवली. मी तिचा नवरा आहे आणि इतके दिवस गप्प बसलो, याची मला लाज वाटते.” खाली नाव आणि दुकानाचा पत्ता.

“पत्ता कशाला घातलात? दगड मारतील दुकानावर.”

“तू हुद्दा घातलास की,” ते म्हणाले.

तेही दहा मिनिटांत काढून टाकलं गेलं. पण तेवढ्यात कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. दिराने ग्रुप सोडला. जावेने सोडला नाही, पण काही लिहिलंही नाही.

चौकशीचा निकाल महिन्याने आला. पोस्टमनकाकांच्या जबानीमुळे टाकेबाईंचं निलंबन टळलं. ताकीद मिळाली आणि जुन्या इमारतीत बदली झाली. तिथे केसपेपरांचे गठ्ठे कापडात बांधून शिवायचे. लिफ्ट बंद ठेवण्याबद्दल अहवालात एक ओळही नव्हती. चादरीबद्दल दीड पान होतं.

टाकेबाईंनी तो अहवाल जसाच्या तसा, पानं लावून, फेसबुकवर टाकला. वर एवढंच लिहिलं: “दीड पान वाचा. मग लिफ्ट शोधा.” आणि गठ्ठ्याचं कापड ओढून घेऊन, जबडा घट्ट आवळून, त्या सुई ओवायला लागल्या.