कोऱ्या डोळ्यांची मूर्ती

पेणजवळच्या जोह्याहून गजाननच्या मुलीचा, सुनीताचा, फोन आला तेव्हा मी रोह्याच्या शाळेत वह्या तपासत बसलो होतो. “मास्तर, बाबा गेले.” मूर्ती रंगवता रंगवता, बसल्या जागी. मी तिला दोनदा विचारलं, कोण गेले? पाच आठवडे झाले, अजून ते डोक्यात शिरत नाही...

गजानन आमच्या गल्लीतल्या मंडळाचा मूर्तिकार. मूर्ती टेम्पोतून यायची, पण डोळे तो चतुर्थीच्या सकाळी मंडपात येऊनच रंगवायचा. त्याआधी माझ्याकडे चहा आणि माझ्या वाकड्या हस्ताक्षराची टिंगल ठरलेली.

चार वर्षांपूर्वी आम्ही मोठी मूर्ती सांगितली आणि मंडप मात्र जुन्याच मापाने घातला. ऐनवेळी तो पुढे सरकवावा लागला, थेट हमीदभाईंच्या दारावर. हमीदभाई धाटावच्या कंपनीत शिफ्टला, घरात अंथरुणाला खिळलेली आई. दहा दिवसांचा तर प्रश्न, मागच्या दाराने जातील, असं मीच ठरवून टाकलं. मागचं दार म्हणजे गटारावर टाकलेली फळी, हे मला ठाऊक होतं.

गजाननने काळा रंग कालवला, समोर पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

“हमीदभाईची आय बाहेर कशी काढायची, मास्तर?”

“आपला सण आहे, गजानन. हक्क आहे आपला.”

“हाय ना. नाय कोण म्हणतो? पण डोळं आलं की देवाला पयलं त्यांचं बंद दार दिसंल. मी नाय रंगवत.”

पूजेची वेळ टळत चालली होती. भटजी घड्याळ बघत होते, पोरं माझ्याकडे. शेवटी पुढचे खांब उपटले, दार मोकळं झालं, मग त्याने डोळे रंगवले. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या वर्षापासून मूर्ती हमरापुरातून, दुसऱ्या मूर्तिकाराकडून आणायला लागलो.

त्याच गणपतीत, सहाव्या दिवशी, हमीदभाईंच्या आईला त्या दारातून खुर्चीवर बसवून दवाखान्यात न्यावं लागलं. म्हातारी वाचली. गजाननला एक फोन करायला हवा होता. माझ्याच्याने झाला नाही, आणि त्याची लाज आज लिहितानाही वाटते.

जोह्याला भेटायला गेलो तर कारखान्याच्या कोपऱ्यात एक मोठी मूर्ती, सगळी रंगवलेली, फक्त डोळे कोरे.

“ही तुमची,” सुनीता म्हणाली. “दरवर्षी ठेवायचे. चतुर्थीच्या सकाळपर्यंत वाट बघायचे, मग डोळं करून कोणाला तरी द्यायचे. म्हणायचे, मास्तर येतील.”

 चार वर्षं... पेण ते रोहा अंतर ते किती!

मूर्ती आता मंडळाच्या खोलीत आहे. डोळे रंगवायला सुनीता येणार आहे, वडिलांचाच ब्रश घेऊन. तिने एवढंच विचारलं, “दार मोकळं हाय ना?” मंडपाचं माप या वेळी मी स्वतः घेतलं, हमीदभाईंना शेजारी उभं करून. रोज शाळा सुटली की खोली उघडतो, झाडतो, थोडा वेळ बसतो. मूर्तीला अजून डोळे नाहीत, तरी मी तिच्याकडे पाठ करूनच बसतो.