वीणा देवाच्या गळ्यात

सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही. आमच्याकडे ही गोष्ट लेकरांना शिकवावी लागत नाही, ती त्यांना आपोआप कळते. सात दिवस, आठही प्रहर, वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय पहिल्याची सुटका नाही. उभा असेल तो उभाच राहील, भुकेला असेल तो भुकेलाच राहील, पण वीणा खाली ठेवणार नाही. नाम अखंड आहे, म्हणून वीणाही अखंड.

हिंगणघाटच्या खालच्या मोहल्ल्यात, वणा नदी आणि तिला मिळणारा नाला यांच्या बेचक्यात, मातीच्या भिंतींची घरे दाटीवाटीने उभी होती. मोहल्ल्याच्या कडेला एक टेकाड, टेकाडावर विठोबाचे देऊळ. देवळाच्या पायरीवरून नदी दिसे, मोहल्ल्यातून दिसत नसे. म्हणून पावसाळ्यात कान देवळाकडे लावून निजायची तिथल्या लोकांना सवयच झाली होती. दरसाल श्रावणात, गोकुळाष्टमीच्या आधी सप्ताह बसे. वरून टाळांचा नाद येत असला म्हणजे वर माणसे आहेत, माणसे नदी पाहत आहेत, आणि नदी आपल्या जागी आहे, असा त्यांचा भरवसा. हा भरवसा कुणी बोलून दाखवला नव्हता. तो घराघरांत पाण्याच्या माठासारखा ठेवलेला होता.

त्याच मोहल्ल्यात तानाबाई राहत. कापसाच्या जिनात कचरा वेचण्याचे त्यांचे काम. नवरा नत्थूजी, एकेकाळी कापसाच्या गाठी पाठीवर वाहणारा धिप्पाड गडी, दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू लुळी पडल्यापासून बाजेवर होता. एकुलती एक मुलगी नलू समुद्रपूरकडे दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, बारसे झाले. तानाबाई देवाला म्हणाल्या, "एवढं दिलं, आता सप्ताहाच्या भाकरी माह्या हातानं घेजो." आणि रोज दुपारी टेकाडावर जाऊन पहाऱ्यावर नाम घेणाऱ्यांसाठी भाकरी थापू लागल्या.

ऐंशी सालच्या आगेमागेचा तो श्रावण होता. पाऊस असा लागला होता की अंगणातली तुळस कित्येक दिवस कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. सप्ताहाचा सातवा दिवस, उद्या काला. निघताना तानाबाईंनी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी चिंध्यांनी बंद केली, कारण ओल्या वाऱ्याने बाळंतिणीला बाधते. शेगडीत निखारे घातले.

"माय, नाल्याकडून कसातरी आवाज येऊन राह्यला वो," नलू म्हणाली.

"येऊ दे. त्याले बी कधी मोठ्ठं व्हावंसं वाटते." तानाबाईंनी लेकीच्या कानावरून फडके घट्ट बांधले. "दार उघडू नको. वरून टाळ आयकू येतात ना? जवर टाळ आयकू येतात, तवर सारं खुशाल आहे असं समजजो. काही झालं त मीच धावत येतो."

बाजेवरून नत्थूजी म्हणाला, "धावत येते म्हणे! पायरी उतराले तुले एक पहर लागते."

"तुमी गप पडा. बाळंतीण कोण आहे घरात, थे का तुमी?"

नलू हसली. लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून तानाबाई पावसात उतरल्या. त्या हसण्याची आठवण पुढे त्यांना झोपू देणार नव्हती.

देवळात तव्यावरची भाकरी अजून फुगली नव्हती तोच खालून हाका आल्या. पुलाकडच्या झोपड्यांत पाणी शिरले होते. पहाऱ्यावरचे तरणे गडी उठले. वीणा होती रूपरावाच्या गळ्यात. रूपराव ढिवराचा, त्याचा डोंगा नदीकाठी बांधलेला. पुरात माणसे काढणारे तेच हात. त्याने आजूबाजूला पाहिले. देवळात उरले होते ते बापूजी, सप्ताहाचे जुने चालक, डोळ्यांना धुके आलेले, हाती टाळ घेऊन खांबाला टेकून बसलेले. आणि पिठाच्या हातांनी उभ्या तानाबाई.

"बापूजी, मले जा लागते. वीणा घ्या."

"मह्या गुडघ्यानं उभं राहवत असतं त कवाच घेतली असती. तानाबाईच्या गळ्यात घाल."

"मी बाईमाणूस, बापूजी."

"देवाले काय समजते त्यातलं? हात धू अन् उभी राह्य."

तानाबाईंनी हात धुतले. रूपरावाने वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पायांना हात लावला आणि तो पावसात नाहीसा झाला. तानाबाईंनी तार छेडली. बापूजींनी टाळ धरले. "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल." एक थकलेला आवाज, एक भ्यालेला आवाज, आणि त्यांच्या मध्ये त्या सहा दिवसांचे न तुटलेले नाम. त्या घटकेला तानाबाईंना वाटले, आपला जन्म याचसाठी होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यात खोटे काहीच नव्हते.

नाम म्हणत म्हणत त्या वळल्या आणि उघड्या दारातून खाली पाहिले.

नदी समोर होती. फुगलेली, तांबडी, पण मोहल्ल्याच्या बाजूला काठाच्या आत. सगळे गाव तिच्यावरच डोळे ठेवून होते. पाणी मात्र तिकडून येत नव्हते. नदीने नाल्याला मागे रेटले होते, आणि रेटलेला नाला मोहल्ल्याच्या पाठीमागून, गोठ्यांच्या बाजूने, आवाज न करता आत शिरत होता. गवताच्या गंजीखालून पाणी सरकत होते. कडुनिंबाचा पार बुडाला होता. पाऊस लागण्याआधी त्या पारावर त्या नातवाची लंगोटी वाळत घालीत.

गल्लीत पाणी होते, पण माणूस नव्हते. एक दार उघडे नाही, एक हाक नाही. सगळी घरे मिटलेली. त्या पाहत राहिल्या. त्यांना कळेना, एवढे पाणी आले, बाहेर कुणीच कसे आले नाही?

आणि मग कळले. सप्ताहाच्या साऱ्या दिवसांत कळले नव्हते ते एका श्वासात कळले.

"बापूजी, टाळ थांबवा."

बापूजींचे हात चालूच होते. "काय म्हणून राह्यली?"

"टाळ थांबवा! थे आयकून राह्यले. आपले टाळ आयकून घरात बसले आहेत सारे. माही नलू बसली आहे. मीच सांगतलं तिले!"

"मंग हाक मार त्याईले!"

त्यांनी दारात जाऊन हाक मारली. जीव तोडून मारली. पावसाने ती पायरीच्या खालीच गिळली. बाईच्या गळ्याला जे जमत नव्हते ते पितळेच्या टाळांना जमत होते. टाळ घरोघरी पोचत होते आणि सांगत होते, सारे खुशाल आहे, खुशाल आहे.

"नाम तुटलं त गावावर अरिष्ट येईल, पोरी," बापूजी म्हणाले. "माह्या बापानं बसवलेला सप्ताह आहे. कधी तुटला नाई."

"अरिष्ट आलं आहे, बापूजी. गल्लीत उभं आहे. तुमाले दिसत नाई, मले दिसते."

वीणा गळ्यात होती. भुईला टेकवायची नाही, आणि घ्यायला माणूस नाही. भक्तीने भरलेल्या त्या बाईची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल! इकडे व्रत, तिकडे लेक, आणि दोन्ही देवाचीच. त्या गाभाऱ्यात शिरल्या. ओल्या पायांनी, ओवळ्या लुगड्याने, जिथे आयुष्यात पाऊल ठेवले नव्हते तिथे. त्यांनी वीणा गळ्यातून काढली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या सावळ्या मूर्तीच्या गळ्यात घातली.

"धर. तुहं तूच सांभाळ."

बाहेर येऊन त्यांनी बापूजींची दोन्ही मनगटे धरली. म्हाताऱ्याने विरोध केला नाही. टाळ त्यांच्या मांडीवर पडले आणि थांबले.

त्या शांततेचे मी काय वर्णन करू? पाऊस होता, पाणी होते, तरी शांतता झाली. आणि ती शांतता घरोघरी गेली.

पहिले दार कोकिळाबाईंचे उघडले. कोकिळाबाई म्हणजे शेजारीण, तोंडाची तिखट. "काऊन थांबलं वो? कोण मेलं?" असे ओरडत त्या ओट्यावरून खाली उतरल्या आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. मग दुसरे दार, मग तिसरे. मग एकच कालवा. लेकरे खांद्यावर आली, शेळ्या दाव्यासकट सुटल्या, म्हातारी माणसे पाठकुळी बसली, आणि सगळा मोहल्ला टेकाडाकडे धावू लागला.

तानाबाई उलट्या दिशेने निघाल्या. चढणारे लोक त्यांना ढकलत होते, "कुठी चालली?" म्हणून विचारत होते. त्या फक्त "नलू" म्हणत होत्या. आधी विठ्ठल म्हणत होत्या त्याच लयीत. पाणी कमरेला लागले, छातीला लागले. गल्लीच्या वळणावर नलू दिसली. केस सुटलेले, डोक्यावर भाकरीची दुरडी, दुरडीत लेकरू.

"माय! टाळ थांबले, मले वाटलं तू गेली!"

"नाई गेली वो. बाबा?"

नलूने एका दमात सांगितले. "उठवत होतो त मले डाव्या हातानं ढकललं. म्हणे, दोघाले नेशील त दोन्ही जातीन. म्हणे, तुह्या मायले सांगजो, पायरी उतराले तिले एक पहर लागते, मी वाट पाहतो."

तानाबाईंनी दुरडीला हात लावला, लेकीला टेकाडाकडे लोटले आणि पुढे पाऊल टाकले. मागून डोंगा येत होता. रूपरावाने वाकून त्यांना दंडाला धरून वर ओढले. त्या झटापट करीत होत्या, त्याच्या हाताला चावल्यासुद्धा. डोंगा घरासमोर आला तेव्हा घराची मागची भिंत पाण्यात बसत होती. माती किती हळू बसते! छप्पर आधी वाकले, मग थोडा वेळ तसेच राहिले, जणू आतला माणूस अजून वाट पाहत होता. मग तेही बसले.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर नत्थूजी त्या मातीखाली सापडला. डाव्या हाताने बाजेचे गात, कडेचे लाकूड, घट्ट धरलेले होते.

मोहल्ल्यातली बाकी सगळी माणसे वाचली. गाव टेकाडावर जमले. काल्यासाठी आणलेले तांदूळ आणि डाळ त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस चुलीवर चढले. वरच्या पेठेतून घोंगड्या आल्या, शाळेचे वर्ग उघडले, ढिवरांचे डोंगे उशिरापर्यंत फिरले. काला झालाच नाही. गाभाऱ्यातल्या देवाच्या गळ्यात वीणा तशीच होती. ती काढून घेण्याचे धैर्य कुणाला झाले नाही.

आणि बोलणारे बोलले. "नाम तोडलं म्हणून घरं गेली," असे पहिल्यांदा कोकिळाबाईच म्हणाल्या, त्याच देवळात, त्याच तांदळाचा भात खात. तानाबाईंनी ऐकले. त्यांना ते लागले नाही. त्यांना दुसरेच लागले होते. त्या बापूजींना विचारीत, पुन्हा पुन्हा विचारीत, "मी वीणा घेतल्याबरोबर खाली पाह्यलं असतं त? डोये मिटून नाम घेतलं मी, बापूजी. मले गोड लागलं थे. तेवढ्या येळात बाजेले पाणी लागलं असन." याचे उत्तर देवाजवळ असेल तर त्याने ते अजून सांगितलेले नाही.

पुढच्या श्रावणात सप्ताह बसवायचा की नाही यावर वाद झाला. बसवायचा ठरला तेव्हा बापूजी काठी टेकत शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत आले. तिथे तानाबाई एकट्या राहत होत्या. नलू सासरी गेली होती.

"वीणा तू घेजो," ते म्हणाले.

"नाई."

"मंग काय करू?"

तानाबाई म्हणाल्या, "सातव्या दिवशी दुपारी थोडं थांबत जा. वीणा त्याच्या गळ्यात ठेवा. लोकाईले दारं उघडू द्या."

त्या श्रावणात सातव्या दिवशी दुपारी बापूजींनी बापाचा सप्ताह स्वतः होऊन तोडला.

तेव्हापासून तसेच चालते. सातव्या दिवशी दुपारी टाळ थांबतात. खालच्या मोहल्ल्यातली दारे एकेक करून उघडतात, बायामाणसे उंबऱ्यात येतात, नाल्याकडे पाहतात, नदीकडे पाहतात. तानाबाई देवळाच्या पायरीवर उभ्या असतात. सगळी दारे उघडली तरी त्या "धरा टाळ" म्हणत नाहीत. त्यांची नजर दोन घरांमधल्या आपल्या पडलेल्या घराच्या जागेवर असते, जिथे आता दार नाही, भिंतही नाही, नुसते गवत आहे. बापूजी टाळ हातात घेऊन वाट पाहतात. सगळा मोहल्ला वाट पाहतो. मग त्याच केव्हातरी वळतात आणि भाकरी थापायला आत जातात.