आधी गिझर

दोन वर्षं वणवण केल्यावर आम्हाला एक घर पसंत पडलं होतं. बायकोने तर तिथल्या ओट्यापाशी उभं राहून कुठला डबा कुठे ठेवायचा हेही ठरवून टाकलं होतं. घराच्या मालक एक आजी होत्या, एकट्याच राहायच्या. "आता झेपत नाही रे बाबा, लेकीकडे जाते," म्हणून त्या घर विकत होत्या.

व्यवहाराआधी तपासणीसाठी आम्ही बाईंना बोलावलं. त्यांना सगळे नुसतं 'बाई'च म्हणतात. साठीच्या, ठेंगण्या, खांद्याला कायम अवजारांची पिशवी. निम्मं आयुष्य गॅसची दुरुस्ती करण्यात गेलेलं, आता लोकांना घर घेण्याआधी ते तपासून देतात. काय काय तपासायचं याची यादी मी आधीच काढून ठेवली होती: वाळवी, ओल, वायरिंग. आपल्याला सगळं कळतं, हा माझा जुना रोग.

बाईंनी यादीवर नजर टाकली आणि खुशाल आजींशेजारी जाऊन बसल्या. अर्धा तास गप्पा! मी घड्याळ बघत नुसता चरफडत होतो.

"डोकं कधी दुखतं म्हणालात?"

"सकाळी. अंघोळ झाली की गरगरतं, मळमळतं. वय झालं, दुसरं काय!"

"आणि लेकीकडे गेल्यावर?"

आजी विचारात पडल्या. "तिथे नाही दुखत हो."

बाई ताडकन उठल्या. "आधी गिझर बघू."

"तो सोडा," मी म्हणालो. "आम्ही तो काढूनच टाकणार आहोत. त्याची कसली तपासणी?"

"तुम्ही याल तेव्हा काढाल. उद्या सकाळी इथे अंघोळ कोण करणार?"

मी त्यांच्यामागोमाग न्हाणीघराकडे निघालो.

गार वारा नको म्हणून आजींनी न्हाणीघराच्या खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. बाईंनी गॅसचा गिझर चालू केला आणि एक छोटं यंत्र वर धरलं. काही मिनिटांतच ते कर्कश वाजायला लागलं. त्यांनी गॅस बंद केला, आम्हाला बाहेर पिटाळलं, दारंखिडक्या सताड उघडल्या. धूर बाहेर नेणारा पाइप पक्ष्यांनी आणलेल्या काड्यांनी गच्च भरला होता. ज्याला रंग नाही, वास नाही असा विषारी वायू रोज थोडा थोडा आजींच्या अंगात जात होता.

 मी त्या घरात तीनदा येऊन भिंती ठोकून बघितल्या होत्या. बाई अर्धा तास नुसत्या बसल्या आणि त्यांनी माणूस वाचवला!  त्या मात्र वाळवी शोधायला दाराच्या चौकटीपाशी वाकल्याही होत्या.

तीन आठवड्यांनी आजींचा फोन आला. आवाज इतका ठणठणीत, की मी ओळखलाच नाही. गिझर बदलल्यापासून डोकं दुखत नव्हतं. जिना त्या एका दमात चढत होत्या.

"मला वाटायचं मीच थकले, म्हणून घर विकायला काढलं. आता नाही रे विकायचं. रागावलास का?"

बायको शेजारीच उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिने डोळे पुसले आणि होकारार्थी मान डोलावली.

"राहा, आजी," मी म्हणालो. "तुमचंच घर आहे."