मास्टरांचा तांबडा तारा

शिवणकाम करणारे मास्टर गेली तीस वर्षं एका मरायला टेकलेल्या ताऱ्यावर डोळा ठेवून होते. दुकान बंद केलं की जेवायच्या आधी गच्चीवर जायचं, तो अवाढव्य तांबडा तारा आणि त्याचा निळसर शेजारी यांच्याकडे आलटून पालटून बघायचं आणि आज दोघांत तेजाने कोण किती सरस ते हौशी निरीक्षकांच्या मंडळाला फोनवर कळवायचं. तारा एक दिवस फुटणार हे नक्की. कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. उद्या, नाहीतर लाखभर वर्षांनी. मास्टर मात्र उद्यावरच अडून बसले होते. तो आपल्या डोळ्यांदेखत जावा, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. बाकी सगळ्याचा त्यांना वीट आला होता, मशीनचा, गिऱ्हाइकांच्या घाईचा, स्वतःच्या पाठीचासुद्धा.

आणि गेली दोन वर्षं तारा चढत होता! आधी शेजाऱ्याच्या बरोबरीचा, मग थोडा उजवा, आता तर चांगलाच. मंडळाच्या ताई चाचरत म्हणायच्या, "मास्टर, बाकी कुणाला तसं दिसत नाहीये हो."

"बाकीच्यांना बघता येत नाही," मास्टर फटकारायचे.

डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितलं होतं, तेही ते लांबणीवर टाकत होते. "डोळ्याला पट्टी असताना फुटला तर?" असं त्यांनी विचारल्यावर बायकोने कपाळाला हात लावला होता.

परवा एका गिऱ्हाइकाने काळा कोट परत आणून टेबलावर आपटला. बाहीची शिलाई निळ्या दोऱ्याने घातलेली. मास्टर हमरीतुमरीवर आले. गिऱ्हाईक गेल्यावर बायकोने रीळ दारातल्या उजेडात धरलं.

"नीट बघा. गडद निळा आहे."

"काळाच आहे तो."

"अहो, निळा आहे. तुम्ही चुकीचं रीळ लावता आणि मी गुपचूप बदलते, कधीपासून. किती झाकू मी तरी?"

मास्टरांनी रीळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. मोतीबिंदू पिकला की निळं आधी फिकं पडतं, तांबडं टिकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते त्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. म्हणजे तांबडा चढलाच नव्हता. शेजारी तेवढा त्यांच्या डोळ्यात मावळत चालला होता.

त्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले नाहीत. टेबलाशी बसूनच त्यांनी फोन लावला.

"ताई, माझ्या दोन वर्षांच्या नोंदी काढून टाका."

"सगळ्या?"

"सगळ्या. तारा ठणठणीत आहे," मास्टर म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून राहिले. बायकोने हलकेच त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.