सुमनताईची खरखर

बेल्ह्याच्या बैलबाजारात फोन आला, तेव्हा शेजारी टेम्पोत बैल चढवत होते. त्या गलबल्यात भाचीचं एवढंच वाक्य नीट ऐकू आलं, ‘मामा, आई गेली.’ त्याला आता दीड महिना झाला...

सुमनताई माझी चुलत बहीण. तळेघरच्या शाळेत तिने विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर जुने रेडिओ, पोरांची वाजणारी खेळणी उघडून, त्यांच्या तारा जोडून ती कॉम्प्युटरवर आवाज तयार करू लागली. ना सूर, ना ठेका. नुसती गुणगुण, खरखर, मध्येच एखादी लांब शीळ. ती त्याला संगीत म्हणायची. मी भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवणारा, मला ते कसं पटावं? एका लग्नात चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, की यापेक्षा आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बरा वाजतो. सगळे हसले, तीही हसली. पण त्यानंतर चार वर्षं तिने मला काही ऐकवलं नाही. तिच्या शेजारच्या ठकूबाई मात्र नाचणी निवडत तिच्याकडे ऐकत बसायच्या. ‘समजत काय न्हाई, पर परत लाव,’ म्हणायच्या.

ताईचं दुखणं बळावल्याचं कळलं आणि मी गेलो. एसटी चुकली, शेवटचा चढ पायीच चढलो. समोर बसल्यावर काय बोलावं सुचेना, म्हणून काहीतरी लाव म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि लावलं. आधी तीच खरखर. मग तळाशी एक जाड घुमारा आला, गेला, पुन्हा आला... दर वेळी थोडा उशिरा. एकदा तर तो येईचना. समेची बघावी तशी मी त्याची वाट बघत होतो.

‘दत्ता, बोट हलतंय तुझं,’ ताई म्हणाली.

मी म्हणालो, ‘त्या लग्नात चुकलो गं.’

‘आवडलं न्हाई, यात कसली चूक? लोकांपुढं बोलायला नको व्हतं, एवढंच.’

आवाज संपला तरी तिने हात वर करून मला गप्प बसवलं. ही तिची सवयच होती. विरून गेलेलं कानात पुरतं निवेपर्यंत ती कुणाला बोलू देत नसे.

परवा भजन संपलं. टाळ थांबले, पण मी शेवटचा सूर दाबून धरला आणि भाता आपोआप मिटू दिला. टाळकरी म्हणाला, ‘काय झालं, राव?’

‘थांब जरा,’ मी म्हणालो. देवळातल्या ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी चालू होती.