ब्रेकवर सोडलेलं तेल

गाडीच्या ब्रेकवर तेल मी सोडलं होतं. माझ्या धाकट्या भावाची नजर रस्त्यावरून हटली नव्हती आणि त्याच्या हातात फोनही नव्हता. आमच्या गावात, सोयऱ्यांत आणि खुद्द त्याच्या घरात इतकी वर्षं उलटंच सांगितलं गेलं, आणि मी ते सांगू दिलं.

आमचं गाव मुडबीपासून जवळ. शेती आणि तुरीचा थोडा व्यापार. जुनी गाडी माझ्या नावावर होती, पण मला चालवता येत नसे, चालवायचा भाऊ. त्या वर्षी माझ्या मुलीचं स्थळ कडगंचीच्या बाजूला जुळत आलं होतं. पहिल्या बोलणीला गेलो तेव्हा सोयऱ्यांच्या दारात ब्रेक दाबताच गाडी अशी किंचाळली की ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मुलाचा चुलता म्हणाला, "आम्हाला वाटलं, पिठाची गिरणीच दारात आली!" सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

परतताना भावानं रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून आणि सोडून पाहिला. "दाबला की आवाज, सोडला की बंद. म्हणजे चाकाचं काही न्हाई, अण्णा. पॅड झिजल्यात. पॅड संपत आला की आवाज करावा म्हणून त्याला पत्र्याची पट्टीच लावलेली असतेय. कुंकवाचं आटपू दे, मग गुलबर्ग्याला नेऊन बदलून आणतो."

पण कुंकवाला, म्हणजे साखरपुड्याला, त्याच दारात, त्याच गाडीनं जायचं होतं. माझं अर्धं आयुष्य बैलगाडीवर गेलेलं. आख कुरकुरला की वंगण घालायचं, एवढंच मला ठाऊक. निघायच्या दिवशी सकाळी बायका आवरत होत्या, तेव्हा मी पाण्याच्या इंजिनाची लांब चोचीची तेलाची कुप्पी आणली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून आतल्या ब्रेकच्या चकत्यांवर तेल सोडलं. भावाला विचारलं नाही. घरात मोठा मी होतो.

आवाज गेला. गावाबाहेर पडताना भाऊ म्हणाला, "आज गाडी नव्या नवरीवानी गप्प हाय!" थोडं पुढं गेल्यावर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "अण्णा, ब्रेक मऊ लागायलाय. थांबून बघू का?"

"आवाज गेला म्हणून तुला तसं वाटायलंय. लोक वाट बघायलेत. चल."

मोठ्या भावाचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नाही. तो चालला.

ओढ्याच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याचा पाय मी पाहिला आहे. तो वेळेवर गेला आणि पुरता खाली गेला. गाडी थांबली नाही. म्हशी चुकवताना ती पुलाच्या कठड्यावर आदळली. मागं बसलेल्या भावजयीचा गुडघा पुढच्या सीटवर आपटून फुटला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

गुलबर्ग्याच्या गॅरेजात चाक उघडलं तेव्हा भाऊ दवाखान्यात बायकोजवळ होता. मिस्त्रीनं पॅडवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ये तेल कौन डाले, सेठ?"

"मला काय ठाऊक? ते फेकून दे, चकत्या धुऊन नवे पॅड बसव."

पुढं ती गाडी मी विकूनही टाकली. मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. दरम्यान गावात कुणीतरी म्हणालं की भाऊ चालवताना फोन बघत होता, आणि ते चिकटलं. भाऊ सुरुवातीला सांगायचा, "ब्रेक लागलाच न्हाई." मी समोर बसलेला असायचो, एकदाही "व्हय" म्हणालो नाही. हळूहळू तोही म्हणू लागला, "पाय टाकायला उशीर झाला असंल." त्यानं गाडी चालवणं सोडलं. बसच्या गर्दीत उभा राहून तो बाजाराला जाऊ लागला.

या दिवाळीत त्याचा मुलगा नवी गाडी घेऊन आला. भावानं तिची काच पुसली आणि सहज म्हणून चालवायच्या जागेवर बसला. मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "अप्पा, उतरा. त्या सीटवर न्हाई बसायचं तुम्ही."

ओसरीवरून भावजय म्हणाली, "बसू दे की. माझा एक पाय धड हाय अजून."

भाऊ हसला आणि उतरला. ते हसणं मला पाहवलं नाही. मी तिथंच सगळं सांगून टाकलं.

मग भाऊ म्हणाला, "मी मऊ लागायलाय म्हणलो तवा तू शेजारीच होतास, अण्णा."

माझ्यासमोर कधी मान वर न केलेली भावजय काठी टेकत पुढं आली. "पायाचं सोडा, भावजी. एवढी वर्षं मी ह्यांला उठता-बसता बोलले, पोराला तेच शिकवलं. ते आता माघारी कोण घेणार? तुम्ही?"

पुतण्यानं किल्ली बापापुढं धरली. बापानं घेतली नाही. तो घरात निघून गेला. तेव्हापासून तो माझ्या दारात आलेला नाही.

निदान गावाला खरं कळावं म्हणून मी पारावर जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, "बघा रे, मोठा भाऊ असावा तर असा. भावाची चूक या वयात आपल्या डोक्यावर घ्यायलाय."

मी ओरडून सांगितलं की असं नाही. त्यांनी माना डोलावल्या. भाऊ तेव्हा समोरच्या थांब्यावर बसची वाट बघत उभा होता. त्यालाही ते ऐकू गेलं.